दोन कडक तुकडे

माझी धाकटी बहीण शाळेत असताना विज्ञानात कशीबशी काठावर पास व्हायची, तीही मी मानगूट धरून अभ्यासाला बसवायची म्हणून. आणि माझी लेक, विज्ञान शिकवणाऱ्या आईची लेक, आपले सगळे प्रश्न नेऊन ठेवते ते तिच्यापुढे. माझ्या पोटात दुखतं. दुखतं म्हणजे दुखतंच.

शाळा सुटली की लेक मावशीकडे असते. काम आटोपून मी तिला घ्यायला जाते, तेव्हा दोघींची डोकी कशात तरी खुपसलेली असतात. मी दारात उभी आहे याचा पत्ताही नसतो.

"मला का नाही गं विचारत?" एकदा न राहवून मी म्हटलं.

"तुला विचारलं की लगेच संपतं," बुटाची नाडी बांधत ती म्हणाली.

मग मीही शहाणपणा केला. साबणाचा फुगा गोलच का, असं तिनं विचारल्यावर डोळे मोठे करून म्हटलं, "अगंबाई, मला कुठे माहीत! बघू या का?"

"आई, नाटक नको ना. तुला येतंय." आणि तिनं सरळ मावशीला फोन लावला.

मागच्या आठवड्यात प्रश्न निघाला, टॉवेल वाळला की कडक का होतो. मी भाजी चिरता चिरता सांगून टाकलं, "पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात." विषय संपला. बहिणीनं मात्र म्हणे हात वर केले, "मला बाई नाही माहीत." दोघींनी मिळून एक जुना टॉवेल कापला. एक तुकडा नळाच्या पाण्यात धुतला, दुसरा औषधांच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा पुन्हा खळबळला. त्या पाण्यात क्षार नसतातच, म्हणजे तो मऊच राहायला हवा.

आज गेले तेव्हा दोन्ही तुकडे बाल्कनीत वाळले होते. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता कळेल दोघींना, म्हटलं, कोण बरोबर होतं ते.

"हात लाव," लेक म्हणाली.

दोन्ही कडक. पुठ्ठ्यासारखे.

"ताई, असं कसं?" बहिणीनं विचारलं.

वर्गात असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं. इथेही जीभ शिवशिवत होतीच. पण तो तुकडा बोटांत वळवताना मला खरंच नवल वाटायला लागलं. क्षार नाहीत, तर मग धाग्यांना असं आवळून कोण बसलंय?

"माहीत नाही," मी म्हटलं.

लेकीनं माझं तोंड नीट निरखलं. मग एकदम ओरडली, "मावशी, आईला खरंच माहीत नाही!" आणि माझा हात ओढत तिनं मला तुकडे धुतलेल्या बादलीपाशी बसवलं.

"ताई, तुला येत असणार गं," मागून बहीण म्हणाली. "सांगून टाक ना. उगाच कशाला ताणतेस?"

मी वळून पाहिलं. तिचा चेहरा पडला होता, आणि तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता. इतके दिवस तिच्याच दारात मी तसाच चेहरा घेऊन उभी राहत होते. तिची दया यायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू, मी बाह्या वर केल्या आणि लेकीला आणखी जरा खेटून बसले.