दोन पंखांचा तारा

पोंभुर्ण्याच्या शाळेत मी मास्तर होतो. ‘माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत, एवढा मी शहाणा.

सत्तावन्न साली चांद्याहून एक जुनं इंग्रजी मासिक आणलं. त्यात मरणाऱ्या ताऱ्याचा फोटो होता. मधे बारीकसा ठिपका आणि दोन बाजूंना धुरकट उजेडाचे दोन पंख. माझी अकरा वर्षांची धुरपता त्या फोटोला चिकटलीच. मी तिला सांगितलं, म्हातारा तारा आपलंच वरचं अंग वायू करून बाहेर टाकतो. तो वायू सेकंदाला कितीतरी मैल धावतो, पण इतक्या लांबून आपल्याला जागचा हललेला दिसत नाही.

“पन बाबा, दोनच आंगाले काऊन? चारही कडं गोल काऊन नाई?”

हे तेव्हा जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तसं सांगायचं सोडून मी खेकसलो, “आधी पाढे पाठ कर.”

त्याच आठवड्यात तिला हिवताप चढला आणि पाच दिवसांत पोर गेली. ते पाढे मला अजून छळतात.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी, माणूस जिथे गेलं तिथे पीठ पसरतात आणि रात्रभर टोपली झाकून ठेवतात. सकाळी पिठावर जी खूण दिसेल, त्या रूपात जीव गेला असं मानतात. मधे माणसाचा हात लागला की सगळं फुकट, आणि पीठ दुसऱ्यांदा पसरता येत नाही. मी आयुष्यभर याची टिंगल केली होती. या वेळी गप्प बसलो. माझी बायको कमळा तीन दिवस उपाशी होती. “पोरगी कुठी गेली थे समजू द्या, मंग जेवीन,” एवढंच म्हणायची.

पिठावर काहीच उमटणार नाही, याची मला खात्री होती. मग ही बाई जेवणार कधी? कोंबडं आरवल्यावर उठलो. बोटाने एक पाखरू काढायचं आणि गुपचूप परत निजायचं, असं ठरवलं होतं.

टोपली उचलली, तर पिठात आधीच खूण होती. दोन पंख, मधे बारीक कंबर, कंबरेवर ठिपका. असलं पाखरू आमच्या रानात नाही. ते मासिकातलं होतं.

मागे वळलो. कमळा भिंतीला टेकून जागीच होती. तिच्या बोटांना पीठ लागलं होतं.

“हे तू केलं?”

“तुमी तीन दिवस त्या चित्राले पाहून रडून राह्यले. म्हटलं, तुमाले तरी वाटू द्या का पोरगी तिथी गेली.”

“आन तुले?”

“माहा हात लागला न त्याले. मले आता कधी नाई समजनार.”

मला हुंदका आवरेना. “कमळे, मीबी त्याच्यासाठीच उठलो होतो. तुह्यासाठी खूण काढाले.”

तिने बोटांचं पीठ पदराला पुसलं.

“मंग जरा आधी काऊन नाई उठले जी?” ती म्हणाली. “मी खरं मानलं असतं.”