परकं कोकरू

रागिणी घरी पोचली तेव्हा दाराला कडी होती. शेजारची मिराबाई म्हणाली, "माय शेतात हाय तुही. बजरंगच्या मेंढ्या बसल्यात तिकडं."

बॅग मिराबाईकडं ठेवून ती चालत निघाली. आदल्याच आठवड्यात ती हैदराबादच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली होती. व्यायलेली मेंढी आपलं पिल्लू कसं ओळखते, त्या वेळी तिच्या मेंदूत कोणतं संप्रेरक पाझरतं, यातच तिची उमर सरली. परदेशात तिचं नाव मानानं घेत. निरोपाच्या दिवशी मात्र खोलीची चावी मागायला आलेल्या कारकुनाशिवाय मागं कुणी थांबलं नव्हतं.

शेतात धाकटा भाऊ बजरंग एका मेंढीला धरून बसला होता. तिचं कोकरू मेलेलंच जन्मलं होतं. दुसरी एक मेंढी विताना गेली होती, तिचं कोकरू भुकेनं ओरडत होतं. बजरंग ते पुढं करी अन् मेंढी त्याला ढुशी देऊन लोटून देई.

"मी बघू का?"

"बघ अक्का. पण घेत न्हाई ती. सकाळपासून करून राहिलो."

रागिणीनं कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं अन् मेंढीच्या मागं गुडघे टेकले. तिच्या आईनं, सिंधूबाईनं, मेंढीचं तोंड धरलं अन् विचारलं,

"हे काय करून राहिलीस?"

"विताना पिशवीच्या तोंडाला बसतो तसा ताण आत हात घालून पुन्हा द्यायचा. मेंदूला वाटतं, आपण आत्ताच व्यालो. मग समोरचं पिल्लू ती आपलं मानते."

थोड्या वेळानं तिनं हात काढला. मेंढी उभी राहिली, कोकराला हुंगलं, अन् घशातल्या घशात हुंकारत त्याला चाटू लागली. कोकरू कासेला लागलं. बजरंग हसला, बाकीच्या मेंढ्या घेऊन पाण्यावर गेला.

"एवढी वर्षं हेच करत व्हतीस?" सिंधूबाईनं विचारलं.

"व्हय."

"अन् तुला सोताला लेकरू असावं असं न्हाई वाटलं?"

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. रागिणी तेलकट हात मातीनं चोळत राहिली.

"वाटलं व्हतं. शिवहार म्हणून एक जण थांबलाही व्हता माझ्यासाठी. पण मेंढ्या व्यायचे दिवस आले की मला तिथंच राहावं लागायचं. एवढा प्रयोग होऊ दे, मग बघू, असं म्हणत गेले. त्यानं दुसरीकडं लगीन केलं."

"तवा सांगायचं व्हतंस."

"कुणाला, माय?"

सिंधूबाईनं आपल्या पदरानं लेकीचे हात पुसले, एकेक बोट धरून, सावकाश.

रागिणी चार दिवस राहिली अन् परत गेली. हैदराबादेहून ती रोज संध्याकाळी फोन करायची. मेंढी पाजते का, कोकरू कसं आहे, विचारायची. बजरंगही आनंदानं सांगायचा. मग कोकरू चारा खाऊ लागलं, दुधावरून तुटलं. त्या संध्याकाळी फोन हातात घेऊन ती बराच वेळ बसली. आता काय विचारावं, तिला सुचेना.