चौथी कोंबडी

छकुलीच्या मुठीतून बाहेर आलेलं ते पांढरं टोक... दोरा असेल, कागदाचा कपटा असेल, म्हणून तिच्या आईने एकेक बोट उलगडलं तर आत पिसाचा नुसता दांडा, मुळाशी ओला, आणि तो ओलेपणा लाल; क्षणभर कळेना की हे रक्त आहे की कोंबडीला लावलेलं कालचं लाल औषध, आणि रक्त असेल तर कुणाचं... तिने छकुलीची बोटं पाहिली, ओठ पाहिले, जिभेखालून करंगळी फिरवली. काही नाही. छकुली हसली. नऊ महिन्यांचं माणूस कशालाही हसतं.

म्हणजे त्या चौथ्या कोंबडीलाच टोचलं. पुन्हा. आत्ताच – पीस वाऱ्याने मागच्या दारातून आत येईपर्यंत ओलं होतं.

आणि संध्याकाळी अंडीवाली येणार होती. सासूबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, शिवणयंत्रावरची मान वर न करता : “आज तरी ही सुधारली नाही, तर तिच्या टोपलीत घाल. ती काही पोसायला नेणार नाही, ते तुलाही ठाऊक आहे नि मलाही. पण हे असं रोज थोडं थोडं मारण्यापेक्षा बरं.”

परसातल्या जाळीत तिघी – तपकिरी, गुबगुबीत, अंग सांभाळून चालणाऱ्या. कोपऱ्यात, उपड्या घमेल्याच्या आडोशाला, चौथी. खरं तर पहिली हीच. अंडी देऊन देऊन संपलेल्या कोंबड्या नेणारा ट्रक वळणावर हिसका खाऊन पुढे गेला आणि ही रस्त्यावर राहिली. पोटाशी छकुलीला बांधलेलं, तशीच ती वाकली होती आणि मानेवर एकही पीस नसलेलं ते उघडंबोडकं अंग तिने ओढणीत उचललं होतं. किती हलकी! चोचीचं टोक कापलेलं. परसात सोडली तर गोणपाटावरून खाली उतरेना – मातीवर पाय ठेवायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मग एका दुपारी तिने एक पाय खाली टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, आणि छकुलीची आई पायरीवर बसून ढसाढसा रडली. का, ते नवऱ्याला सांगता आलं नाही. “अगं, कोंबडी चालली,” तो म्हणाला, “कोंबड्या चालतात.”

एकटीला करमत नसेल म्हणून या तिघी आणवल्या त्या तिनेच. “करमत तुला नाही,” सासूबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या, “कोंबडीला कशाला मध्ये घालतेस?” पण आता रोज सकाळी ऊन ऊन अंडी ओच्यात घेऊन येतात त्या सासूबाईच. तिघींना कुणी परत धाडणार नव्हतं. तिघींचं बस्तान बसलं होतं. तिला वाटलं होतं, जागा हिची आहे, ही आधीची आहे, काही मान राहील की नाही... तासाभरात तिघींनी ठरवून टाकलं, दाण्यावर आधी कोण आणि शेवटी कोण. मानेवर एक टोच बसली, बारीकशी. छकुलीचं कपाळ आपटलं होतं तेव्हाची लाल औषधाची बाटली तिने आणली आणि फुंकर घालत सगळ्या मानेला लावली. रोज लावली. त्या रोज जास्त टोचत राहिल्या आणि ती रोज जास्त लावत राहिली.

ती जाळीशी उकिडवी बसली. घमेल्याच्या कडेवर काल सांडलेला औषधाचा एक थेंब वाळला होता. तिघींतली थोरली आली, मान तिरकी करून एका डोळ्याने त्या थेंबाकडे पाहत राहिली, आणि – टक्. टक्, टक्. पत्र्यावर. जिथे कोंबडी नव्हती, मांस नव्हतं, वैर नव्हतं... नुसतं लाल होतं.



म्हणजे त्या लालाला टोचत होत्या. आणि लाल मी लावत होते. फुंकर घालून.

“कान कुठे आहेत तुझे?” सासूबाई दारात उभ्या, कडेवर छकुली, रडून रडून काळीनिळी. “केव्हाची टाहो फोडतेय.”

“मला... ऐकूच आलं नाही, आई.”

“कुठलं पिल्लू कुणाचं, तेच कळेनासं झालंय या घरात.” त्या म्हणाल्या, पण छकुलीला घेऊन आत गेल्या नाहीत, तिथेच थोपटत उभ्या राहिल्या.

ऐकू आलं नाही. हे खरं होतं, आणि तेच भयंकर होतं. छकुलीला मी काय लावते आहे, रोज, प्रेमाने – जे मला दिसत नाही?

लाल रंग धुऊन निघेना. मग तिने कोळसा कुटला, खोबरेल तेलात कालवला, कोंबडीला मांडीवर घेतलं आणि मान काळी करायला लागली. बोटाखाली शीर उडत होती, इतकी जलद की ठोके वेगळे लागत नव्हते. काडीएवढी मान. जरा जोर दिला तर... तर सुटेल – ती, की मी? विचार आला, आणि हात तिथेच थबकला, पण सुटला नाही. अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे, मानेला खालून आधार, न दाबता, न ढिला सोडता... छकुलीला न्हाऊ घालताना धरते तसाच. कधी शिकला हा हात हे?

“काय भूत केलंयस तिचं,” सासूबाई म्हणाल्या. “सोड आता. आणि मध्ये पडू नकोस.”

तिने सोडलं. जाळीचं दार लावून घेतलं, पण कडीवरचा हात काढला नाही. थोरली वळली. मान उंचावून, एकेक पाऊल टाकत आली. काळं ध्यान घमेल्याआड गेलं नाही; जिथे होतं तिथे उभं राहिलं, थरथरत, चोच अर्धी उघडी.

“अंडीवाली आलेय होऽऽ” – पुढच्या दारातून.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “काय सांगू तिला?”

थोरलीची मान अजून उंचच होती. जाळीबाहेर तिचे स्वतःचे खांदे आक्रसले, जणू टोच इथे बसणार, मानेच्या मागे... आणि तरी, ती पाहत होती, कडीवरची बोटं कडी उघडत नव्हती. घट्टही धरत नव्हती. भीती होती तेवढीच होती. पण आता ती छातीत धडका देत नव्हती. तिच्या शेजारी येऊन, तिच्यासारखीच उकिडवी बसली होती आणि जाळीतून आत पाहत होती.

“थांबायला सांगा,” ती म्हणाली. “मी बघतेय.”