भूल उतरेपर्यंत

"अजून थोडं उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि डोक्यावरचा दिवा खाली ओढून त्यांनी छोटा आरसा पेशंटच्या तोंडात घातला.

त्यांच्या कामात माणूस आधी दातांनी भेटायचा, चेहऱ्याने मागाहून. दवाखान्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मावशींनी दारातच सांगितलं होतं की एक जण वेळ न घेताच आलाय, गाल टम्म सुजलाय, नाव विचारलं तर नुसता हात हलवला, म्हणून सरळ खुर्चीत बसवलंय. बाई हातमोजे चढवत आत आल्या तेव्हा तो माणूस डोळे घट्ट मिटून, अर्ध्या चेहऱ्यावर रुमाल दाबून पडला होता. खालची एक दाढ आतून पार पोखरली होती. ती पाहून आरसा बाहेर काढताना त्यांचा हात वरच्या पुढच्या दातापाशी थांबला. दाताचा कोपरा कधीकाळी उडालेला होता, आणि तो भरून काढलेला तुकडा आता चहाच्या रंगाचा झाला होता. भरणाऱ्याचा हात नवखा असणार. कड जरा जाडच राहिली होती.

ती कड त्यांनीच ठेवली होती. शिकत असताना भरलेला तो त्यांचा पहिला दात. गाण्याच्या भरात माइकचा स्टँड तोंडावर आपटून घेणारा माणूस त्यांच्या पाहण्यात एकच होता.

त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. खुर्चीतल्या माणसाने डोळे उघडले.

"कर्णा," त्या म्हणाल्या.

धाकट्या भावाने मान हलवली. बोलायच्या अवस्थेत तो नव्हताच.

कर्णा हे नाव वडिलांनी ठेवलेलं. मुलगा पंधराव्या वर्षी रॉक गायला लागला, तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या होत्या, तुमच्या घरात कोण कुणाला मारतंय म्हणून. वडील म्हणाले, कुणी मारत नाही, आमच्याकडे कर्णा बसवलाय. तेव्हा डॉक्टरबाई डॉक्टरबाई नव्हत्या, नुसती ताई होती. दोघांना मिळून एक खोली, एक टेबल आणि एक टेपरेकॉर्डर. त्या खोलीत वर्षानुवर्षं जी भांडणं झाली त्यांना काही सुमार नव्हता. कर्णाचं म्हणणं, बँड म्हणजे गाणारा आणि गिटार, बाकीची माणसं स्टेज भरायला. ताईचं म्हणणं, बेस वाजवणारा घरी गेला की तुमचं गाणं पत्र्याच्या डब्यासारखं वाजेल. तो म्हणायचा, बेस ऐकू येतो कुणाला? ती म्हणायची, ज्याला कान आहेत त्याला. मग दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी तो कुठूनतरी नवी कॅसेट आणून टेबलावर आपटायचा. ऐक आणि बोल. बेसबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही.

नटांच्या बाबतीतही तेच. कोण रडताना खरा वाटतो, कोण दार उघडतानाच नाटकी वाटतो, यावर त्यांची मतं ठाम आणि एकमेकांच्या बरोबर उलट. एक जाड भुवयांचा नट होता, पडद्यावर फोन उचलला की पलीकडच्या माणसाला बोलायला वेळच द्यायचा नाही. 'हो, हो, येतो' म्हणून ठेवून द्यायचा. ताईच्या मते तेवढ्यावरून त्याला घरी बसवायला हवं होतं. कर्णाच्या मते त्याच्यासारखा जिना उतरणारा माणूस पुन्हा होणे नाही.

आणि राजकारण म्हणजे तर निव्वळ करमणूक. वडील सभापती, ताई एका पक्षाची, कर्णा दुसऱ्या, आई मतदार. पुढाऱ्यांचे आवाज काढून भाषणं व्हायची. आई भाजी निवडता निवडता दोघांनाही पाडायची. आठवड्यातून एकदा दोघं पक्ष बदलायचे, कारण विरुद्ध बाजूचा पुढारी नक्कल करायला सोपा होता. या विनोदातली गंमत नेमकी कधी संपली, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. आई गेली होती, दोघांचे संसार झाले होते, केस पिकले होते. मागल्याच्या मागल्या निवडणुकीच्या सुमारास एका रविवारी तो ताईकडे जेवायला आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसांनीच सगळ्याचं वाटोळं केलं. ताई म्हणाली, जेवण झालं असेल तर ऊठ. जेवण झालेलं नव्हतं. तो उठला.

तेव्हापासून वडिलांकडे ती बुधवारी जायची, कारण रविवारी तो तिथे असायचा. वडील काही विचारत नसत. हवापाण्याची बातमी सांगावी तसं सांगत, रविवारी आला होता, बरा आहे, जरा सुटलाय.

"किती दिवस दुखतंय?" बाईंनी विचारलं.

त्याने तीन बोटं वर केली, मग विचार करून चौथंही.

"आणि चार दिवस काय गाणं म्हणत होतास?"

त्याने खांदे उडवले. त्याच्या बायकोने त्याला गाडीत घालून इथे आणून सोडलं होतं आणि ती वर न येता खालूनच निघून गेली होती, हे मावशींनी नंतर सांगितलं. त्या क्षणी बाईंना एवढंच दिसत होतं की गाल लाल झालाय, अंगात ताप आहे आणि दाढ आज उघडून आतला निचरा केल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी एक्स-रे काढला. तो पडद्यावर यायची वाट बघत दोघं गप्प बसली. मावशी एकदा बाईंकडे आणि एकदा पेशंटकडे बघत राहिल्या, कारण या खोलीत एवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टरबाईंचं बोलणं गावभर प्रसिद्ध होतं. तिथे दाताला भूल देतात, कानाला देत नाहीत, असं लोक म्हणत. पण त्या बडबडीमागे एक हिशेब होता. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाचं लक्ष दाताकडून काढून घ्यायचं तर त्याला कुठेतरी गुंतवावं लागतं. म्हणून तयारी चालू असताना त्या गाण्याबद्दल बोलत, भूल चढेपर्यंत सिनेमातल्या नटांबद्दल, आणि अगदी दुखरं काम आलं की राजकारण काढत. चिडलेल्या माणसाला सुई कळत नाही, हे त्यांनी अनुभवाने ताडलं होतं. मत कोणतंही चालायचं, पेशंटच्या विरुद्ध असलं म्हणजे झालं. बिचाऱ्याला उत्तर देता येत नसे.

"दुखलं तर डावा हात वर कर," त्या म्हणाल्या. आणि सिरिंज भरता भरता सवयीनेच सुरू झाल्या. हल्लीचे बँड त्यांना पटत नव्हते. सगळं इतकं घासूनपुसून स्वच्छ केलेलं असतं की वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकल्याचा आवाजही येत नाही. पूर्वी गाणारा श्वास घ्यायचा तो ऐकू यायचा, हल्ली ही माणसं श्वास घेतात की नाही कोण जाणे. आणि बेस मात्र आता सगळ्यांना ऐकू येतो, एवढा की गाड्यांच्या काचा हादरतात. म्हणजे शेवटी कोण बरोबर निघालं?

कर्णाच्या कपाळावर आठी पडली. दुखण्याची नव्हती ती, वादाची होती. बाई ती तीस वर्षांपासून ओळखत होत्या. त्यांनी सुई टोचली. त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला, पण वर आला नाही.

भूल चढेपर्यंत नटांची पाळी होती. जाड भुवयांचा नट आता म्हातारा झालाय, आजोबांची कामं करतो, त्या म्हणाल्या. मध्ये एक सिनेमा पाहिला त्याचा. त्यात तो नुसता बाकावर बसून असतो, फारसा बोलत नाही. समोरचा माणूस बोलतो आणि हा ऐकतो. उभ्या आयुष्यात जमलं नाही ते सत्तरीला जमलं बघ त्याला. मी थिएटरमधून बाहेर आल्यावर...

तिथे त्या थांबल्या. थिएटरमधून बाहेर आल्यावर त्यांनी फोन हातात घेतला होता, आणि परत पर्समध्ये ठेवला होता. ते काही त्यांनी सांगितलं नाही. "मावशी, नळी जरा मागे घ्या," म्हणाल्या.

ओठ जड झाल्याची खूण त्याने केली आणि ड्रिल सुरू झालं. वरचा भाग निघाला, आतली पोकळी दिसली, घाणेरडा वास आला. आता मुळापर्यंत जायचं होतं. सुजलेल्या दाढेत भूल कितीही दिली तरी तो एक क्षण चुकत नाही. मावशींना हा क्रम पाठ होता. आता बाई पुढाऱ्यांवर घसरणार, म्हणून त्या मनातल्या मनात हसायच्या तयारीत होत्या. पण हातातली बारीक सुई दाढेच्या तोंडाशी धरून बाई तशाच थांबल्या. कर्णा वर बघत होता. तो राजकारणाचीच वाट बघत होता की काय, कोण जाणे.

"तुझ्या त्या साहेबांचं भाषण ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "मधे बंद न करता. शेवटपर्यंत."

त्याच्या डोळ्यांची हालचाल थांबली.

"मत काही मी देणार नाही त्यांना. जन्मात नाही. पण माणसाचा आवाज चांगला आहे. वर चढतो तेव्हा तुझ्यासारखाच फाटतो, पण खाली उतरला की बरा वाटतो ऐकायला."

आणि बोलता बोलताच त्यांनी सुई खाली नेली. कर्णाचं पोट हललं. एकदा, मग पुन्हा. मावशींना वाटलं कळ आली, पण तो हसत होता, तोंडात कापूस, नळी आणि दोन बायकांची बोटं घेऊन जेवढं हसता येईल तेवढं. डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांकडे ओघळलं. मग त्याने डावा हात वर केला.

"दुखतंय?"

त्याने नकारार्थी मान हलवली. हात मात्र खाली घेतला नाही. वर्गात बोलायची परवानगी मागावी तसा तो हात वरच राहिला.

"नंतर बोल," बाई म्हणाल्या. "काम होऊ दे."

निचरा झाला, औषध भरलं, वर तात्पुरतं झाकण बसलं. खुर्ची सरळ झाली तेव्हा कर्णाचा अर्धा चेहरा लोंबत होता आणि उरलेला अर्धा काहीतरी सांगायच्या घाईत होता.

"थाई," तो म्हणाला, "थुला एख..."

"आत्ता नको. जीभ चावशील." त्यांनी त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मुलांची पुसतात तशी, विचार न करता. मग हातातल्या कापसाकडे बघून तो कचऱ्यात टाकला. "भूल उतरायला दोन-तीन तास जातील. तोवर बाहेर बस. उतरली की बघते एकदा."

मावशींनी चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत भूल उतरेपर्यंत कुणाला बसवून ठेवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. लोक लोंबत्या ओठानेच घरी जात. बाहेर जाऊन त्यांनी पंख्याखालची खुर्ची रिकामी केली.

दुपारचे पेशंट येत राहिले. एक निवृत्त गणिताचे मास्तर कवळी बसवून घ्यायला आले. आतल्या खोलीचं दार एरवी बंद असायचं, ते आज उकडतंय म्हणून बाईंनी उघडं ठेवायला सांगितलं. मास्तरांना गिटारचा गंध नव्हता. तरी बाईंनी त्यांना ताकीद दिल्यासारखं ऐकवलं की एका बँडचा गाणारा फार गुणी होता, नुसता किंचाळायचा असं घरचे म्हणत ते खरं नव्हतं, एक हळू गाणं तो असं म्हणायचा की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहायची. त्याने गाणं सोडायला नको होतं. मास्तरांनी उघड्या तोंडाने होकार भरला. बाईंचा आवाज त्या खोलीच्या मानाने जरा मोठाच होता.

बाहेर एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

मास्तर बाहेर गेले तेव्हा बाई हात धूत होत्या. नळ बंद करताना त्यांना बाहेरचं बोलणं ऐकू आलं. मास्तरांना चप्पल सापडत नव्हती.

"थांबा, मी बघतो," बाहेर कुणीतरी म्हणालं. "ही बघा, बाकाखाली गेली होती. पाय पुढे करा. बरोबर. पायऱ्या बघून उतरा, काका."

एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं स्वच्छ होतं.

बाईंनी हात पुसले. टॉवेल अडकवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसले. मावशींनी उपकरणं उकळायला टाकली होती आणि पिशवी खांद्याला लावून त्या निघायच्या बेतात होत्या. पुढचा पेशंट कुणी उरला नव्हता. बाई बाहेर आल्या. कर्णा पंख्याखाली परत येऊन बसला होता. सूज अजून होती, पण ओठ जागच्या जागी आला होता.

"उतरली का रे भूल?" त्यांनी विचारलं.

त्याने बोटाने गाल दाबून पाहिला. एकदा, मग नीट लक्ष देऊन पुन्हा एकदा. मग मान हलवली. नाही.

"मग बस," बाई म्हणाल्या. त्यांनी मावशींना जायची खूण केली, दारावरची पाटी उलटी केली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.