रोग नसल्याचा निकाल

लग्नाला वर्ष झालं तेव्हा खारेपाटातल्या तुळशीरामनं बायकोला, केसरला, अलिबागेत डॉक्टर गुप्त्यांच्या दवाखान्यात आणलं. सोबत त्याची आई आवडाबाई होती.

"सुनेला अंथरूण भिजवायचा रोग हाय," बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आवडाबाई म्हणाली. घरी केसरला निजायला गोणपाट दिलं होतं. सकाळी ते वाळत घालताना शेजारणी तोंडाला पदर लावत.

पडद्याआड डॉक्टरांनी विचारलं, "रोज होतं?"

"न्हाय." केसर जमिनीकडे बघत पुटपुटली. "त्ये जवळ आलं की. तेबी कधी कधी."

गुप्ते एकदम ताठ बसले. विलायती मासिकात त्यांनी अशा बायकांबद्दल वाचलं होतं. आता एक समोर बसली होती. त्यांनी दोन बाटल्या दिल्या. एकीत लघवी आणायची, दुसरीत ते पाणी.

तीन महिने केसर बाटल्या घेऊन येत राहिली. निघण्याआधी आवडाबाई त्या उजेडात धरून बघायची. दुसऱ्याच आठवड्यात गुप्त्यांनी दोन्ही बाटल्यांतलं तापवून, तपासून खात्री केली होती की दुसरीतलं पाणी लघवी नाही. पण त्यांना आणखी नमुने हवे होते, म्हणून ते गप्प राहिले.

शेवटी त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"हा रोग नाही. लघवीच्या वाटेशेजारी बारीक ग्रंथी असतात, त्यांचं पाणी आहे हे. सुख झालं की काही बायकांना येतं. हिची तब्येत ठणठणीत आहे."

केसरला हायसं वाटलं. ती हसली.

तुळशीरामनं ते हसू पाहिलं. "रोग असता तं सांभाळली असती. ह्ये सुख कुठं शिकून आली ही?"

"शिकायचं काय त्यात? शरीरच तसं—"

"मंग आमाला का न्हाय झालं कधी?" आवडाबाई कडाडली.

गुप्त्यांनी घड्याळ पाहिलं. "ते तुमच्या घरचं. मला सांगायचं ते मी सांगितलं."

मायलेक बैलगाडीत बसून निघून गेले. केसर मागून धावली तेव्हा तुळशीरामनं चाबूक तिच्या अंगावर ओढला. ती चालत बापाच्या मिठागरावर गेली. महिन्याभरात तुळशीरामनं ठमी नावाच्या मुलीशी दुसरं लग्न केलं.

पुढच्या वर्षी गुप्ते मिठागरावर आले. हातात छापील मासिक होतं, खिशात रिकामी बाटली.

"तुझ्यावरचा लेख आलाय. पुढच्या लेखाला एक नमुना कमी पडतोय बघ."

"काय लिवलंय त्यात?"

"तू निरोगी आहेस, असं."

"मंग माज्या नवऱ्याच्या गावात जाऊन सांगा. देवळापुढं, चार माणसांत."

"मला कसं जमेल ते? माझं नाव खराब होईल."

"माजं नाव हाय त्यात?"

"नाही. रुग्णाचं नाव देत नाहीत."

केसरनं बाटली घेतली नाही. मिठाची पाटी उचलून तिनं डोक्यावर घेतली आणि बांधावरून पुढच्या बाईच्या मागं चालू लागली.