गच्चीवरची कोळंबी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर कोळशाची धग लागायची नाही, आणि ही गोष्ट धगीशिवाय समजायची नाही. झानज्यांग शहरातल्या एका बाईला, चंद्राच्या सणाला घरी आलेल्या पाहुण्याचा संशय आला. तो कसा आला आणि कुठवर गेला, ते सांगतो. देवाने जीभ दिलीय तोवर सांगणं माझ्याकडे; तुम्ही तेवढं मध्येच उठू नका.

बाईचं नाव रुईजू. शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा बाओचिंग मासेमारीला गेला आणि बोट पालथी झाली. बोट सापडली, माणूस सापडला नाही. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले तसं रुईजूने बंदरावरचं घर सोडलं, बारा वर्षांच्या लेकीचा हात धरला आणि शहरात, जिथून समुद्र दिसत नाही अशा गल्लीत, पाचव्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून तिने शपथ घेतली, की पोरीला न्हाव्याच्या घरी देईन, खाटकाच्या घरी देईन, पण ज्या घरातलं कोणी पाण्यावर जातं त्या घरात देणार नाही.

आता ती पोरगी, हाइतांग, तेवीस वर्षांची झाली होती आणि सणाला पहिल्यांदाच एका मुलाला घरी घेऊन येत होती. नाव कुन्शेंग. बाप ल्येनज्यांगला भाताचे कुकर दुरुस्त करतो, असं तिने आईला सांगितलं होतं. रुईजूला हे फार आवडलं. कुकर कधी बुडत नाही.

तर मुलगा आला. एका हातात सणाच्या गोल गोड केकांचा डबा, काखेत पपनस, आणि दुसऱ्या हातात थर्मोकोलचा खोका. खोक्यात काहीतरी टकटक आपटत होतं.

"मावशी, सणाच्या शुभेच्छा," असं म्हणून तो दारातच वाकला.

"आत तर ये, मग वाक. खोक्यात काय आहे?"

"कोळंबी आणलीय. आज भाजू म्हटलं. हाइतांग म्हणाली, तुम्हाला आवडते."

रुईजूने झाकण उचललं. कोळंबी जिवंत. कवच जाड, मिशा लांबलचक आणि एकही तुटलेली नाही. तिने एक उचलून उजेडात धरली. बाजारात येते ती तळ्यातली कोळंबी. तिचं कवच बोटाखाली कागदासारखं दबतं. ही दबेना.

"कुठून घेतलीस?"

"बाजारातून. कोपऱ्यावरच्या बाईकडून."

"कोपऱ्यावरची बाई बदकं विकते."

"तिच्या... पलीकडची."

"पलीकडे भिंत आहे."

हाइतांग घाईघाईने म्हणाली, "आई, तू पोलिसात का नाही गेलीस? दारातच जबानी घेतेस! तुला ताजी नको असेल तर सांग, आम्ही दोघंच खातो."

रुईजूच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कुकरवाल्याच्या पोराला ही कोळंबी मिळाली कुठे?

पाहुणा हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. ती दाराआड थांबून पाहू लागली. कुन्शेंगने हात धुतले आणि तो मोरीशेजारच्या फळीपुढे उभा राहिला. तिथे धुतलेले वाडगे निथळायला पालथे घातले होते. त्याने मागे वळून पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि एकेक वाडगा उचलून सुलटा ठेवला. सगळेच्या सगळे. मग हात पुसून बाहेर आला, जसं काही झालंच नाही.

वाडग्यांखाली हा काय शोधत होता? बायका वाडग्याखाली किल्ल्या ठेवतात, असं कोणी सांगितलं असेल का याला? रुईजूने आत जाऊन पाहिलं. चमचे जागच्या जागी. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. काही गेलेलं नव्हतं, म्हणून संशय आणखीच वाढला. चोर असता तर निदान कळलं तरी असतं की हा चोर आहे.

गच्चीवर लिचीच्या लाकडाचे निखारे फुलले होते. कुन्शेंग बाह्या सरसावून बुटक्या स्टुलावर बसला आणि त्याने कात्री मागितली. कोळंबीच्या मिशा छाटल्या, डोक्याचा काटा उडवला, पाठीवरून चर्र करून चीर दिली, कात्रीच्या टोकाने काळा दोरा ओढून काढला. मग शेपटीकडून डोक्याकडे बांबूची सळई घातली, म्हणजे निखाऱ्यावर ती वाकडी होऊ नये. एक झाली की दुसरी. पाहता पाहता परात भरली. हाताकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

"कुकरचे स्क्रू काढून काढून हात बसला वाटतं," रुईजू म्हणाली.

"आईने शिकवलं, मावशी."

"आई काय करते तुझी?"

"घरीच असते. जाळी विण..." तो थांबला. "लोकरीचं विणते."

"झानज्यांगच्या उकाड्यात लोकर!"

हाइतांगला एकदम खोकला आला. रुईजूने लेकीकडे पाहिलं. लेक लसूण चिरण्यात फारच गढून गेली होती. बाईचा संशय आता दोन पायांवर उभा राहिला. एक पाय पाहुण्यावर, एक पोटच्या पोरीवर.

लसणाचा मसाला मात्र झकास जमला. अर्धा लसूण शेंगदाण्याच्या तेलात सोनेरी तळून घेतला, अर्धा कच्चाच ठेवला, दोन्ही एकत्र करून त्यात सोया सॉस, चिमूटभर साखर, बारीक चिरलेली लाल मिरची. कोळंबीच्या चिरेत तो ठासून भरला. निखारे पांढरे पडेपर्यंत तिघं चहा आणि उकडलेले शेंगदाणे घेऊन बसली. रुईजूने दोन दाणे तोंडात टाकले आणि जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवून दिल्या. बोलता बोलता कुन्शेंगचा हात पुढे आला. त्याने त्या काड्या अलगद उचलल्या आणि वाडग्याशेजारी खाली ठेवल्या. स्वतःला कळायच्या आतच त्याने ते केलं असावं, कारण नंतर तो कानापर्यंत लाल झाला.

"का रे? माझ्या काड्यांनी तुझं काय घोडं मारलं?"

"काही नाही, मावशी. पडतील म्हणून."

रुईजूच्या मनात, अकरा वर्षं बंद असलेल्या कुठल्याशा खोलीचं दार करकरलं. काड्या आडव्या. वाडगे पालथे. कुठेतरी कोणीतरी तिला यावरून रोज ओरडायचं. तिने ते दार पुन्हा लावून घेतलं. छे, कुकरवाला आहे हा.

कोळंबी जाळीवर चढली. तेल ठिबकलं, धूर उठला. कवचाची खालची बाजू राखाडीची गुलाबी, गुलाबीची केशरी होत गेली. लसणाच्या वासाने खालच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "रुईजू, जावई आला वाटतं!"

"अजून पाहुणाच आहे!" रुईजूने वरून ठणकावलं.

खालची बाजू झाली. वरची तशीच ओलसर, काचेसारखी. आता सळया उलटायच्या. कुन्शेंगने चिमटा हातात घेतला, आणि त्याने काय केलं? उलटल्या नाहीत. पंखा घेऊन वारा घातला. सळया इकडच्या तिकडे सरकवल्या. वरून कुंचल्याने आणखी तेल लावलं.

"उलट आता," रुईजू म्हणाली.

"होतील मावशी, निखारा चांगला आहे."

"खालून जळतायत. वरून कच्च्या आहेत. उलट."

"थोडं थांबून..."

"आण इकडे, मी करते," हाइतांग चिमट्याला झोंबली.

"तू हात लावायचा नाहीस!" रुईजू ओरडली. लेक जागच्या जागी थिजली.

आणि ते दार सताड उघडलं. बंदरावरच्या घरात माणूस पाण्यावर असेल तेव्हा ताटातला काय, तव्यावरचा काय, मासा कोणी उलटत नाही. वरची बाजू खाऊन झाली की मधला काटा उचलायचा आणि खालची खायची. ताटात मासा उलटला की पाण्यात बोट उलटते. वाडगा पालथा घालायचा नाही, काड्या आडव्या ठेवायच्या नाहीत, बोट अडकते. रुईजूची सासू हे रोज सांगायची. आणि रुईजूने ते सगळं अकरा वर्षं मुद्दाम मोडलं होतं. रोज वाडगे पालथे, रोज मासा उलटा, तोही फडाफडा आवाज करून. हाताला सवय एवढी पडली, की कशासाठी करतो ते आठवायचीही गरज उरली नव्हती. लोक म्हणायचे, बिचारीचा राग आहे तो. राग नव्हता. ज्या दिवशी बाओचिंग गेला, त्या सकाळी तव्यावर चिकटलेला मासा तिने झोपेच्या भरात उलटला होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याच्या तसबिरीलासुद्धा नाही. हजार वेळा मासा उलटूनही काही होत नाही असं दिसलं, तर त्या एका वेळेचा दोष आपल्यावर येणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

आणि आता तिच्याच गच्चीवर एक पोरगा कोळंबी उलटायला तयार नव्हता.

"कुकरवाल्या," ती अगदी हळू म्हणाली, "तुझा बाप कुकर उलटा करून खालची तार बघत नाही का रे?"

कुन्शेंगचा पंखा थांबला.

"ही एक सळई उलट. एकच. उलटलीस तर मी अजून काही विचारणार नाही. पोरगी तुझी. सणाच्या दिवशी शब्द देते."

हाइतांगने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सरळ सरळ विनवणी होती, की उलट रे, एकच तर आहे. कुन्शेंगचा हात जाळीपर्यंत गेला. चिमट्याने सळई पकडली. तेलाचा थेंब निखाऱ्यावर पडला, भडका उठला आणि विझला. मग त्याने सळई सोडली आणि चिमटा जमिनीवर ठेवला.

"मावशी, बाबा आज पहाटे पाण्यावर गेलेत. उद्या दुपारी येतील. कुकरचं दुकान मामाचं आहे. मी तिथे असतो, पण मासेमारीची बंदी उठली की बाबांबरोबर जातो. आज तुमच्याकडे यायचं म्हणून त्यांनी मला किनाऱ्यावर ठेवलं. कोळंबी त्यांनीच काल निवडून दिलीय. तुमच्याशी खोटं बोललो, ते बोललो. पण हे माझ्या हातून होणार नाही. मुलगी देऊ नका हवं तर."

"खोटं मी बोलायला लावलं," हाइतांग म्हणाली. "त्याला नको होतं. आई, तू दारच उघडलं नसतंस."

"नसतंच उघडलं."

रुईजूचा संशय इथे तरी निवला असता, असं तुम्हाला वाटेल. नाही निवला. तिच्या मनात आलं, विधवेचं काळीज कसं विरघळवायचं हे या पोराला पोरीनेच पढवलं नसेल कशावरून? ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचं तोंड तिच्याकडे नव्हतंच. तो जाळीवरच्या सळयांकडे बघत होता, आणि त्याचे दोन्ही हात थोडे पुढे धरलेले होते. ही बाई रागाच्या भरात चिमटा उचलेल आणि एखादी सळई उलटेल, अशी त्याला भीती होती. हातातून चाललेल्या मुलीचा त्या घटकेला त्याला विसर पडला होता. असं नाटक कोणाला करता येत नाही, हे रुईजूला कळलं. ज्याची माणसं पाण्यावर असतात, त्यालाच ते हात तसे धरता येतात. एके सकाळी तिला ते धरता आले नव्हते.

चिमटा तिनेच उचलला. कुन्शेंग अर्धवट उठला.

"बस खाली," ती म्हणाली. तिने आतून लोखंडी कढई आणली, शेगडीच्या कडेचे फुललेले निखारे चिमट्याने उचलून कढईत भरले, आणि ती कढई तशीच कोळंबीच्या पाठीवर टेकवली. खाली निखारे, वर निखारे. चर्रर्र आवाज झाला आणि लसणाचा वास पुन्हा उसळला.

"माझी सासू असं करायची," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "जास्त वेळ ठेवायची नाही. रबर होतं."

कढई उचलली तेव्हा कोळंबी वरूनही केशरी झाली होती. कडा जरा करपल्या होत्या, पण आतून रसरशीत. रुईजूने पहिली सळई कुन्शेंगच्या ताटात ठेवली. जशी जाळीवर होती तशीच, पाठ वर.

"आई, म्हणजे...?" हाइतांगने विचारलं.

"म्हणजे काही नाही. हा माझा होकार नाही. उद्या दुपारी याचा बाप किनाऱ्याला लागू दे. मग त्याला घेऊन या, मला त्याच्याशीच बोलायचंय. या पोराच्या शब्दावर माझा काडीचा भरवसा नाही." आणि कोळंबी सोलता सोलता तिने विचारलं, "नाव काय तुझ्या बापाचं?"

"फूआन."

चंद्र समोरच्या इमारतीवर आला तशी तिने गच्चीच्या कठड्यापाशी पूजेचं ताट मांडलं. पपनस, उकडलेल्या अळकुड्या, गोल केक, तीन उदबत्त्या. अकरा वर्षं त्या ताटापुढे ती फक्त लेकीसाठी मागत आली होती. आज तिने हात जोडले, बराच वेळ ओठ हलत राहिले, आणि शेवटी ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं त्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं.

आता एवढंच मागणं. ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली की त्या फूआनची आठवण काढा. लेकासाठी एकेक निवडून कोळंबी देऊन तो पहाटे पाण्यावर गेला होता, आणि त्या गच्चीवर त्याच्यासाठी काय काय पणाला लागलं हे त्याला ठाऊकही नव्हतं. उदबत्ती लावाल तेव्हा तो सुखरूप यावा म्हणून त्याचं नाव घ्या.