बनियनची कृपा

बाबांनी पांढरं फडकं सूर्यफुलावरून फिरवलं आणि वर धरलं. फडकं पिवळंधमक! बांधावरच्या गर्दीने हात जोडले.

"कृपा उतरली," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता दाणा भरणार. पण फडकं माझ्याच हातचं हवं. आणि त्या मधमाश्या हाकला. त्या तेल पितात, म्हणून गेल्या वर्षी तुमचे दाणे पोचट निघाले."

सगळ्यांच्या नजरा शाळेतल्या बाईंकडे वळल्या. भावाच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या त्यांनीच ठेवल्या होत्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात सगळ्यांनी भर सकाळी औषध फवारलं, मेलेल्या माश्यांचा सडा पडला, हे आता कोणालाच आठवत नव्हतं. आठवायचं तरी कशाला, बाबा होते ना.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, पेट्या हलव. लोक जाळून टाकतील गं."

"काढणीपर्यंत जाळू देऊ नकोस. मी चुकले तर मीच काडी लावेन. आणि तुझी ती फाटकी बनियन दे."

"ती कशाला?"

"कृपा उतरवायला."

भावाच्या शेतात, बाबांचा पाय न लागलेल्या कोपऱ्यात, बाईंनी काही कळ्यांना बारीक जाळीच्या पिशव्या बांधल्या. माशी आत शिरायला नको. फुलं उमलल्यावर त्यातल्या निम्म्या पिशव्या त्या रोज सकाळी सोडायच्या, बनियन आधी शेजारच्या फुलांवर आणि मग या फुलांवर हलकेच फिरवायच्या, की पिशवी परत बंद. बाकीच्या पिशव्या सोडल्याच नाहीत. बघणारे हसले. बाईंनी हसू दिलं.

काढणीला बाबा सत्कारासाठी आले. बाईंनी त्यांच्यासमोर तीन फुलं ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "चोळ."

बंद पिशवीतल्या फुलाचे दाणे भावाने तळहातावर घेऊन फुंकले. बहुतेक सगळी टरफलंच, उडून गेली. बनियनच्या फुलाचे दाणे टच्च भरलेले. आणि जे उघडंच राहिलं होतं, ज्याला माश्यांखेरीज कोणी शिवलं नव्हतं, तेही तसंच भरलेलं.

बाबा सावरून बसले. "बनियनवर आमची दृष्टी पडली असेल."

"मग बंद पिशव्यांवर का नाही पडली? जाळीतून दिसत नाही का तुम्हाला?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी बनियन उलगडून धरली. तीही पिवळीधमक झाली होती.

"हा पराग आहे," त्या म्हणाल्या. "या फुलाचा त्या फुलाला लागला की दाणा भरतो. बाबांचं फडकं तेच करतं, माझ्या भावाची बनियनही तेच करते, आणि माशी ते फुकट करते. तिला तुम्हीच मारलंत, आणि आता तिची घरं जाळायला निघालात. माझं ऐकू नका. पुढच्या वेळी आपापल्या शेतात चार पिशव्या बांधा आणि स्वतः दाणा फोडून बघा. हात जोडायचेच असतील, तर त्यानंतर जोडा."

बाबा सत्कार न घेताच निघून गेले. भावाने हातातले दाणे खिशात टाकले.

"ताई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पेट्या कुठेही जाणार नाहीत. आणि फुलोऱ्यात सकाळची फवारणी माझ्या शेतात बंद."